उलाळ गाडी आणि आमची झोपायची ट्रॉली

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल. हातातलं काम सोडू नका, काम करता करता ऐका. आज आम्ही पापडाचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं बोलणार नाही. बोलणार आहोत गाडीला मागे ट्रॉली लावून ती ओढत न्यायची कशी, याबद्दल. त्यातही गाडी बुटकी असेल, तिचं बूड रस्त्याला घासत असेल, तर काय काय होतं ते.

बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला, असं वाटेल. आम्हालाही दोन वर्षांपूर्वी असंच वाटलं असतं.

आमचा गट सातारा जिल्ह्यातला. आम्ही बारा जणी. वाघ्या घेवडा, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, सांडगे, लोणची असा आमचा माल. गावात तो फारसा खपत नाही, कारण गावात प्रत्येकीच्या घरी तो असतोच. खप होतो प्रदर्शनात, जत्रेत, शहरातल्या महोत्सवात. तिथे चार-पाच दिवस राहावं लागतं. दिवसभर स्टॉलवर उभं राहायचं ते जमतं, अवघड असते ती रात्र. एका ठिकाणी राहायची सोय केली होती ती मैदानापासून लांब, आणि माल सोडून जायचं तर चोरीची भीती. मग स्टॉलच्या मागे पडदा लावून आम्ही तिथेच आडव्या व्हायचो. एका रात्री कुणीतरी तो पडदा उचलला. बॅटरीचा उजेड तोंडावर पडला आणि आम्ही ओरडल्यावर माणूस पळाला. पुढे काही झालं नाही. पण त्यानंतर गटातल्या दोघी प्रदर्शनाला येईनाशा झाल्या. घरच्यांनीही पाठवलं नसतं, आणि त्यांची स्वतःचीही इच्छा राहिली नव्हती. दोघी गेल्या म्हणजे स्टॉलवरचे चार हात गेले. पुढच्या वर्षी आणखी दोघी गेल्या असत्या.

तेवढ्यात तापोळ्याकडे पर्यटकांचे तंबू लावणारा एक जण धंदा बंद करत असल्याचं कळलं. त्याच्याकडे दोन चाकांची, पत्र्याची, कारच्या मागे लावायची झोपायची ट्रॉली होती. आत दोन बाकं, वर एक फळी, खिडकीला जाळी आणि दाराला आतून कडी. आतून कडी लागते म्हटल्यावर बाकीचं आम्ही नीट पाहिलंसुद्धा नाही. गटाच्या बचतीतून निम्मे पैसे घातले, निम्मं कर्ज काढलं. हे आज खरं खरं सांगतो. कडी बघून ट्रॉली घेतली, चाकं बघून नाही.

एक गोष्ट मात्र नशिबाने बरोबर झाली. त्या ट्रॉलीचे कागद होते. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच धरलेलं आहे. म्हणजे त्याची वेगळी नोंदणी लागते आणि नंबर लागतो. गावातल्या वेल्डरकडून पत्रा मारून घेतला, दोन चाकं बसवली आणि निघालो, असं चालत नाही. शेतातल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीकडे बघून आपल्याला वाटतं की चालतं. तुम्ही असं काही घेणार असाल तर आधी आरटीओत जा. नोंदणीचं विचारा, विम्याचं विचारा, तुमच्या ड्रायव्हरच्या लायसन्सवर हे चालतं का तेही विचारा. आणि स्वतःच्या गाडीचं कंपनीने दिलेलं पुस्तक उघडा. किती वजन ओढायला ती गाडी चालते, हे त्यात पाहा. आकडा नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. ते नाही म्हणाले तर ते नाहीच समजा. शेजारचा अमुक ओढतो, हे काही उत्तर नाही.

आता गाडी. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरची सात सीटांची व्हॅन. ताई स्वतः चालवतात. शाळेच्या मुलांची ने-आण करून त्यांचा हात बसलेला. गाडी चांगली, पण बुटकी. रिकामी उभी असताना जमिनीपासून तिचं बूड साडेसहा इंच. हे आम्ही शिवणकामाच्या टेपने मोजलं. आत सहा बायका आणि पोती भरली की तेच पाच इंचांवर येतं. आणि मागे ट्रॉली ओढायचा हूक बसवला, तो बुडाच्याही खाली लोंबणारा. ट्रॉली लावल्यावर हुकाखालची जागा मोजली तर जेमतेम चार इंच.

चार इंच म्हणजे किती ते सांगतो. रस्ते बांधणाऱ्यांच्या नियमात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असा सांगितलेला आहे. 10 सेंटिमीटर म्हणजे आपले चार इंच. तोही रुंद, पाठीसारखा उतरता. आपल्या गावातला गतिरोधक कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. कुणीतरी रात्रीत डांबराचा उंबरा घातलेला असतो. शाळेजवळच्या अशाच उंबऱ्यावर आमची पहिली फेरी अडली. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. आम्ही म्हटलं सुटलो. तेवढ्यात खर्रर्र असा आवाज आला. मागचं चाक उतरल्यावर उंबरा बरोबर हुकाखाली येतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. हूक त्या उंबऱ्यावर टेकला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो, हे इथे महत्त्वाचं. त्याच्यावर वजन पडलं की गाडी मागून नुसती बसत नाही, पुढून उचललीही जाते. जत्रेतला सी-सॉ आठवा. मागची चाकं म्हणजे मधला आधार. आमच्या व्हॅनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण 2.4 मीटरचं अंतर आहे, आणि हूक मागच्या चाकांच्या मागे एक मीटरवर. हुकावर 50 किलो ठेवले तर मागच्या चाकांवर 70 किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे 20 किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं. ड्रायव्हरला वाटतं, वा, किती सोपी चालतेय. खरं तर तिची रस्त्यावरची पकड कमी झालेली असते. रात्री हेडलाइट वर जातात, समोरचे लोक शिव्या घालतात आणि आपल्याला जवळचा खड्डा दिसत नाही.

तर हूक घासतो म्हणून आम्ही तालुक्याच्या गावी एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या माणसाने एक मिनिटात इलाज सांगितला. म्हणाला, ‘ट्रॉलीतलं वजन मागे सरकवा. हूक आपोआप वर येईल.’ आम्ही लोणच्याचे खोके, घेवड्याची पोती, पाण्याचा ड्रम, सगळं ट्रॉलीच्या मागच्या भिंतीला लावलं. खरंच, व्हॅनचं बूड वर आलं. उंबऱ्यावरून गाडी न घासता गेली. आम्ही त्याला चहा पाजला.

मार्गशीर्षातला तो दिवस. पुण्याला निघालो होतो. व्हॅनमध्ये सहा जणी, मागे ट्रॉली भरलेली. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की पुण्याकडे जाताना उतार लागतो आणि एस अक्षरासारखं वळण येतं. त्या वळणाची ख्याती आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. उतारावर गाडीने आपसूक वेग घेतला. काटा सत्तरच्या आसपास. शेजारून एक मोठा ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रॉली जराशी डुलली. मग दुसऱ्या बाजूला जरा जास्त. मग पुन्हा इकडे, आणखी जास्त. ट्रॉली मागून व्हॅनचं शेपूट धरून हलवत होती. ताईंनी घाबरून ब्रेक दाबला. कुणीही दाबला असता. पण आमच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. व्हॅन थांबायला बघते आणि मागचं धूड पुढे ढकलतं. डोलणं दुप्पट झालं. मागच्या सीटवरच्या दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या. एकीने पुढच्या सीटची कड इतकी घट्ट धरली होती की नंतर तिचं नख निघालं.

ताईंचा पाय ब्रेकवरून सुटला, कसा ते त्यांनाही सांगता येत नाही. घसरला असेल. पायाखाली काहीच दाबलेलं नव्हतं आणि हातांनी त्यांनी स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं होतं. गाडीचा वेग कमी होत गेला, डोलणं कमी होत गेलं. कडेच्या मातीत जाऊन आम्ही थांबलो. कुणालाही लागलं नाही. ट्रॉलीचं दार उघडलं तर एक बाक तुटलं होतं आणि लोणच्याच्या अकरा बाटल्या फुटल्या होत्या. कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, घरी सांगायचं नाही. आणि सगळ्यांना रडू आलं.

घरी अर्थात कळलं. लोणच्याचा वास लपत नाही.

पुढच्या बैठकीत विषय एकच होता. ट्रॉली विकायची. कर्जाचे हप्ते चालू होते, विकून निम्मे पैसे तरी येतील, असा हिशेब चालला होता. ज्यांच्या घरून विरोध होता त्या गप्प होत्या, आणि त्यांचं ते गप्प बसणंच जास्त बोचत होतं. आमच्या गटात एक थोरल्या काकू आहेत. सत्तरीच्या. त्यांचे मालक साखर कारखान्यावर बैलगाडीने ऊस ओढायचे, आणि काकू त्यांच्याबरोबर कोपीवर राहिलेल्या. त्या बैठकीत फार बोलत नाहीत. त्या दिवशी उठल्या, अंगणात उभ्या केलेल्या ट्रॉलीजवळ गेल्या, पदर खोचला आणि पुढचा दांडा एका हाताने उचलला. सत्तर वर्षांच्या बाईने, एका हाताने!

‘अगं बायांनो,’ काकू म्हणाल्या, ‘ही तर उलाळ हाय. उलाळ गाडी कुणी रस्त्यावर घालतं व्हय?’

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हा शब्द माहीत असेल. गाडीत माल भरताना मागे जास्त झाला की गाडी उलाळते. दांडी वर जाते, जू बैलांच्या गळ्याशी ओढलं जातं, बैलांचे पाय नीट टेकत नाहीत. आणि पुढे जास्त भरला तर सगळं ओझं मानेवर येतं, बैल गुडघ्यावर येतो. गाडी भरणारा माणूस मोळ्या पुढे-मागे सरकवत, दांडी हाताने उचलून बघत भरायचा. मानेवर थोडं वजन हवंच, पण बैलाला ते सोसलं पाहिजे. काकू म्हणाल्या, यंत्राची गाडी झाली म्हणून काय झालं, तिलापण मान आहेच की.

मग आम्ही शोधायला लागलो. मोबाइलवर वाचलं, अवजड ट्रेलर चालवणाऱ्या एका ड्रायव्हर दादांना विचारलं. परदेशात, म्हणजे युरोप-अमेरिकेत, घरासारखी ट्रॉली कारला लावून फिरायची जुनी रीत आहे, त्यामुळे तिथे या गोष्टींचे नियम ठरलेले आहेत. आणि काकूंनी एका शब्दात सांगितलं तेच त्यांनी आकड्यांत सांगितलेलं आहे. भरलेल्या ट्रॉलीचं जे एकूण वजन, त्याचा साधारण दहावा हिस्सा हुकावर पडला पाहिजे. अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के सांगतात. युरोपात थोडं कमी चालवतात, पण तिथल्या गाड्या आणि ट्रॉल्यांची बांधणीही वेगळी. हुकावर वजन कमी पडलं की ट्रॉली डुलायला लागते. वेग वाढला की डुलणं वाढतं, आणि उतारावर सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली आहे तशी, तोच सगळा माल भरून, मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर नेली. एकूण 560 किलो. मग हुकावरचं वजन. त्याला मोठा काटा लागत नाही. धान्य दुकानात जमिनीवर ठेवायचा सपाट काटा असतो, तो मागून आणला. ट्रॉली सपाट जागेवर उभी केली, दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. काट्यावर लाकडाचा ओंडका उभा केला, असा की ट्रॉलीचा दांडा हुकाला लावताना जितका उंच असतो तितक्याच उंचीवर टेकेल. उंची बदलली की वजनही बदलतं, म्हणून हे सांभाळायचं. दांडा ओंडक्यावर टेकवला. काटा दाखवतो 18 किलो! 560 च्या हिशेबाने 56 हवे होते. वर्कशॉपवाल्याने गाडीचं बूड उचललं होतं ते असं, आमच्या जिवावर.

पण मग प्रश्न तोच राहिला. वजन पुढे आणलं की हूक खाली बसणार आणि उंबऱ्याला घासणार. यात मधला मार्ग असा काही नाही, हे आम्हाला दोन-तीन आठवड्यांनी पटलं. हुकावर हवं तितकं वजन ठेवायचंच. कमी करायचं ते बाकीचं ओझं.

पाण्याचा ड्रम पहिला गेला. दोनशे लिटरचा ड्रम भरला की ते 200 किलो होतात. आम्ही तो अर्धा भरून न्यायचो, म्हणजे 100 किलो आणि वर आत हिंदकळणारं पाणी. आता रिकामा नेतो आणि मुक्कामावर भरतो. गॅसचा मोठा सिलिंडर, लोखंड धरून 19 किलोच्या दुप्पट होतो, तोही गेला. तसंही ज्या खोलीत बायका झोपतात तिथे सिलिंडर ठेवणं हा शुद्ध वेडेपणा होता. घेवड्याची पोती आता ट्रान्सपोर्टने एक दिवस आधी जातात. मग राहिलेल्यात जड ते खाली, जमिनीलगत, चाकाच्या जरा पुढे. गाद्या-पांघरुणं वर. मागच्या भिंतीला फक्त बॅनर आणि टोपल्या. काट्यावर एकूण वजन बरंच उतरलं, हुकावर 48 झाले.

सगळ्यात अवघड होतं ते माणसं कमी करणं. व्हॅनमध्ये सहा जणी बसल्या की बूड पाच इंचांवर येतं, हे वर सांगितलंच. त्यात हुकाचे 48 किलो म्हणजे मागची सीट जवळजवळ भरल्यासारखी. गाडीने सोसायचं जे वजन पुस्तकात लिहिलेलं असतं, त्यात माणसं, सामान आणि हुकावरचं वजन हे सगळं धरायचं असतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आता व्हॅनमध्ये चौघीच बसतात, तिसऱ्या रांगेत कुणी नाही. बाकीच्या दोघी एसटीने येतात. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं ओझं नाही. तरी पहिल्यांदा यावरून रुसवेफुगवे झाले. कुणी व्हॅनने जायचं आणि कुणी एसटीने, यावर मोठं भांडण झालं. आता जाताना एसटीने येते ती येताना व्हॅनने येते. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याची नोंद ठेवतो.

आणखी एक. कुणीही ट्रॉलीत बसून प्रवास करायचा नाही. बाळ झोपलंय, आत गादी आहे, जरा पडते, असं एकदा झालं होतं. त्या दिवशी पुढचं काही घडलं नाही म्हणून, नाहीतर आज आम्ही इथे बोलायला बसलो नसतो.

हुकाच्या उंचीचं थोडं जमलं. गोळा ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी आमच्याकडे गोळा खाली उतरेल अशी बसवलेली होती. ती दोन्ही बाजूंनी बसवता येईल अशीच बनवलेली होती. जाणत्या मिस्त्रीकडून ती उलटी करून घेतली, गोळा वर आला आणि खालची जागा वाढली. ट्रॉली उभी राहिली की लांबून बाजूने बघायची. ती सपाट दिसली पाहिजे, किंवा नाक किंचित खाली. नाक वर असेल तर मागे भार जातो आणि पुन्हा उलाळ. नाक फार खाली असेल तर पुढचं आधाराचं चाक रस्त्याला लागतं. ते चाक निघताना पूर्ण वर घेऊन पिळून घट्ट करायचं. आम्ही एकदा विसरलो आणि ते चाक रस्त्यातच सोडून आलो. तो खर्च आम्ही बैठकीत सांगितला नव्हता, आज रेडिओवर सांगतोय.

गोळा आणि त्याच्यावर बसणारी वाटी एकाच मापाची हवी. आमचा गोळा 50 मिलिमीटरचा. वाटी बसली, खटका लागला, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. खटका लावल्यावर आधाराचं चाक फिरवून दांडा वर उचला. व्हॅनचं बूडही बरोबर वर उचललं गेलं तर वाटी खरी बसली. नुसता दांडा सुटून वर आला तर बसलेली नाही. आमच्यात हे काम दोघींनी करायचं. एक लावते आणि दुसरी, जिने लावलं नाही ती, तपासते. दोन साखळ्याही लावायच्या, दांड्याखाली एकमेकींवरून फुली करून. वाटी सुटली तर दांडा त्या फुलीच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणावर ताणणार नाही इतकी ढिली आणि रस्त्याला घासणार नाही इतकी आखूड. बुटक्या गाडीला हे साधायला वेळ लागतो. दिव्यांची वायरही अशीच घासते आणि तुटते, मग मागच्या गाडीला आपला ब्रेक लागलेला दिसत नाही. निघायच्या आधी एकीने मागे उभं राहून डावा, उजवा, ब्रेक, तिन्ही दिवे बघायचे.

वेगाचं आम्ही ठरवून टाकलंय. गावातल्या रस्त्याला तीस, मोठ्या रस्त्याला पन्नास. लोक हॉर्न वाजवतात, वाजवू देत. जर्मनीत इतके गुळगुळीत रस्ते आहेत, तिथेही ट्रेलर लावलेल्या कारला साधारणपणे 80 ची मर्यादा आहे. आपल्या ट्रॉलीला ब्रेक नाहीत. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं, आणि वर मागून ढकलणारं ओझं. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा लांब राहायचं. घाट उतरायला लागायच्या आधीच दुसरा गिअर टाकायचा, उतारावर मध्येच नाही. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला तर ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत.

आणि तरीही कधी ट्रॉली डुललीच, तर ताईंच्या पायाने त्या दिवशी जे आपोआप केलं तेच करायचं असतं, हे आम्हाला नंतर कळलं. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा. ब्रेक जोरात मारायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, ट्रॉली जाईल तिच्या उलट फिरवत बसायचं नाही. वेग वाढवून सरळ करायला तर अजिबात जायचं नाही. वेग उतरला की ती शांत होते. मग बाजूला थांबून भार बघायचा, कारण नीट भरलेली ट्रॉली सावकाश चालवली तर उगाच डुलत नाही.

गतिरोधकाचं अजूनही पूर्ण सुटलेलं नाही. बुटक्या गाडीला पर्याय नाही. रस्ता ओळखीचा असेल तर वहीत लिहून ठेवलंय, कुठला उंबरा टाळायचा. पंपावर शिरताना, मैदानाच्या गेटवर, फरशी पुलाच्या उतारावर, जिथे गाडी खोलगटातून वर चढते तिथे शेपूट टेकतं. अशा ठिकाणी एकजण आधी उतरते, बाजूला उभी राहून हुकाखाली बघते आणि हात करते. आत बसलेल्यांनी उतरलं तरी इंचभर फरक पडतो. चौघी उतरून गाडी रिकामी करून गेटमधून घेतली की बघणारे हसतात. हूक मोडण्यापेक्षा ते परवडतं.

मागे घेणं हे मात्र ताईंनाही आठ दिवस जमलं नाही. ट्रॉली उलट्याच बाजूला जाते आणि दोन्ही मिळून कात्रीसारख्या मिटतात. युक्ती अशी की हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. ट्रॉलीचं बूड डावीकडे न्यायचं तर हात डावीकडे, उजवीकडे न्यायचं तर उजवीकडे. थोडं थोडं आणि सावकाश. कात्री व्हायला लागली की थांबायचं, पुढे जाऊन सरळ करायचं, पुन्हा मागे. पाच वेळा पुढे-मागे केलं तरी कमीपणा नाही. ताई बाजारतळावर विटा मांडून शिकल्या. पहिल्या दिवशी सगळ्या विटा पडल्या. आता दोन विटांमधून नेतात. गटातली आणखी एक, जिचं लायसन्स गेल्याच महिन्यात आलंय, तीही शिकतेय, कारण एकाच ड्रायव्हरवर बारा जणींचा धंदा ठेवणं बरं नाही.

ट्रॉली विकली नाही. त्या दोघींपैकी एक परत यायला लागली आहे. दुसरीच्या घरून अजून नाहीच म्हणतात आणि आम्ही मागे लागलेलो नाही. मागच्या प्रदर्शनात रात्री दहाला दोन बाकांवर दोघी, खाली एक, आणि काट्यावर वजन कमी भरलं म्हणून वरच्या फळीवर एक बारकी, अशा चौघी आत झोपल्या. आतून कडी. एसटीने आलेल्या दोघी व्हॅनमध्ये, काचा दोन बोटं उघड्या ठेवून. काकू पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी झोपायच्या आधी बाहेर येऊन ट्रॉलीच्या चाकांना लावलेले दगड पायाने हलवून बघितले, एक बदलला, आणि मग आत आल्या.

रविवारी सकाळी आठ ते दहा बाजारतळावर विटा मांडलेल्या असतात. ज्यांना ट्रॉली लावायला, सोडायला, काट्यावर ठेवायला शिकायचं आहे त्यांनी या. लायसन्स असेल त्यांना मागे घ्यायलाही देऊ. सपाट काटा आमच्याकडे आहे, दगड तिथे भरपूर आहेत. बैठकीच्या दिवशी मात्र दहाऐवजी नऊलाच आवरतो. नमस्कार.